पाहिजे ते तिसऱ्या नंबरला

३ जुलै, गुरुवार

आज अभ्यासिकेसाठी आलं ते असं:

एलईडी पट्ट्या दोन – ३८०
सतरंजी मोठी, निळ्या काठाची – ५२० (सहाशे सांगत होता)
फळा, शाळेनं काढून टाकलेला – फुकट. आणायला ऑटो ५०
खडूचे डबे दोन – ६०
सीईटीची जुनी पुस्तकं, नांदेडहून, एक गठ्ठा – ३५०
शेंगदाणे दोन किलो, गूळ एक किलो – ३२०
एकूण १६८०. विहार कमिटीचे हजार, बाकी माझ्या भिशीतले.

अभ्यासिका म्हणजे विहारामागची खोली. कमिटीच्या अध्यक्षा पद्माबाई. “भांड्याची खोली हाय ती, लेकरं काय पातेल्यात बसतील का?” असं म्हणत म्हणत त्यांनीच तीन वर्षांपूर्वी किल्ली दिली. माझं शिक्षण मॅट्रिक, तेव्हा शिकवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. संध्याकाळी सहाला कुलूप काढते, नऊपर्यंत कोपऱ्यात गोधडी शिवत बसते आणि कुणी मोबाइल काढला तर नुसतं बघते. मोठं लेकरू लहानाला शिकवतं. आज ज्यानं कुणाला तरी एक गोष्ट समजावून सांगितली, त्यालाच मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. हा नियम. यंदा अकरा लेकरं आहेत, सहा आमच्या वस्तीतली, पाच तांड्यावरची.

त्यात शिवकन्या. तांड्यावरच्या हिरासिंग-पारुबाईची थोरली. चार किलोमीटर सायकल हाणत येते. कॅनॉलवर कुणाची मोटार बंद पडली की तांड्यावरची माणसं मिस्त्रीच्या आधी तिला हाक मारतात. मोटार नुसती गुरगुरली की एक फेज गेला, हे मलासुद्धा तिनं शिकवलं, आणि त्या दिवशीचे शेंगदाणे घेतले. सीईटीत तिला शहाण्णव पर्सेंटाइल आहेत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तीनदा ऐकूनही माझ्या डोक्यात बसलं नाही. शंभरातले शहाण्णव तिच्या मागं राहिले, एवढं कळलं.

तिला विजेचं इंजिनिअर व्हायचंय आणि तेही पुण्याच्या सरकारी कॉलेजात. मुलींची फी माफ आहे, वसतिगृह आहे, असं तिच्या सरांनी सांगितलं. यादी महिन्याच्या शेवटी लागते. लागलं तर आमच्या खोलीतून एवढ्या मोठ्या ठिकाणी जाणारी ती पहिली.

१० जुलै, आषाढी पौर्णिमा

वर्षावास बसला, आता पावसाळ्याचे तीन महिने विहारात वाचन. सकाळी अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर अन्न नाही. संध्याकाळी ग्रंथवाचन माझ्याकडंच, आवाज खणखणीत आहे म्हणतात.

चौथं शील, खोटं बोलायचं नाही. ते म्हणताना दरवेळी वाटतं, बाकीची अवघड असतील, हे एक मला सोपं आहे. असं वाटणं हा गर्व झाला का? लिहून ठेवते.

पारुबाई लेकीला न्यायला आली होती. वाचन संपेपर्यंत दाराशी बसून राहिली. पद्माबाईंनी विचारलं, “पारुबाई, पोरगी विहारात बसून शिकते, तांड्यावर कुणी बोलत न्हाई ना?”

“बोलतेत की. मी म्हनते, तिकडं बी दिवा लावतात, इकडं बी लावतात. माझ्या पोरीला उजेड पायजे. तेल कुनाचं हे मी काहून इचारू?”

१९ जुलै

बाजाराचा दिवस. शिवकन्यासाठी पत्र्याची पेटी घ्यायची म्हणून पारुबाईबरोबर लखमा भांडेवाल्याकडं गेले. बाजार करावा तर पारुबाईनं. आधी बादली उचलली, वाजवली, भाव विचारला, नाक मुरडलं. मग परात. मग “चला करुणाबाई, हितं काय राम न्हाई” म्हणून उठली आणि जाता जाता पेटीला पायाचा अंगठा लावून, “ह्या डबड्याचं काय घेता?”

लखमा हसायला लागला. “बाई, तुमी बादली वाजवून राहिल्या तवाच म्या वळखलं, पेटी पायजे.”

“वळखलं तर मग कमी करा!”

त्यानं शंभर कमी केले. पारुबाई मला वाटेत म्हणाली, “पायजे त्या वस्तूकडं पयले बगायचंच न्हाई. डोळ्यातलं त्यायला बराबर दिसते.”

खरं आहे. मीसुद्धा वीस वर्षं असाच बाजार करते.

२६ जुलै, शनिवार

आज कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरला. ओमप्रकाशच्या ऑनलाइन सेंटरवर ही गर्दी. हा ओमप्रकाश तांड्यावरचाच, बी.कॉम. झालेला, बोलण्यात तिखट. फॉर्मला मोबाइल नंबर माझा दिला आहे, कारण हिरासिंगचा फोन शेतात त्याच्या खिशात असतो आणि तिथं रेंज नाही.

फॉर्मवर कॉलेजांची नावं नंबरवार टाकायची असतात. शिवकन्या सांगणार तोच मी म्हटलं, थांब. पहिल्या नंबरला जवळचं खाजगी कॉलेज टाकलं, बसनं रोज जाऊन-येऊन होईल असं. दुसऱ्याला नांदेडचं. पुणं तिसऱ्या नंबरला. पाहिजे त्यावर आधी बोट ठेवलं की समोरचा अडवून धरतो. तिसऱ्याला असलं की त्यांना वाटेल, हिला काही एवढी गरज नाही, देऊन टाका.

ओमप्रकाश म्हणाला, “मावशी, हे असं नसते. पयला नंबर इचार करून टाका.”

“इचार करूनच टाकते. तू टाइप कर.”

“माझं काय जाते! मागं वीस जन हुबे हायेत.”

शिवकन्या काही बोलली नाही. पटलं असणार. फक्त निघताना तिनं ओमप्रकाशला विचारलं, “दादा, फॉर्म कवापर्यंत बदलता येतो?”

“परवा पाचपर्यंत.”

पोरगी चौकस आहे. बारीकसारीक विचारून ठेवते.

२७ जुलै

रात्रभर मनात एकच. पाहिजे पुणं आणि लिहिलं जवळचं, हे चौथ्या शीलात बसतं का? तोंडानं खोटं बोललेले नाही. पण कागदावर तर लिहिलं. ह्यांना विचारलं. हे बाजार समितीत मापारी आहेत, खरं-खोटं तोलण्याची सवय असेल असं वाटलं होतं.

हे चहा ओतता ओतता म्हणाले, “करुणा, कॉम्प्युटर म्हंजे काय लखमा भांडेवाला हाय का? त्याला काय डोळे हायेत, तू कुठं बघून राहिली ते बघायला?”

“मशीनमागं माणूसच बसलेला असतो.”

“असंल बापा. माझा काटा तर जे टाकलं तेच दाखवतो.”

मी चहा तसाच ठेवून उठले. रागच आला.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती लपवत नाही. जवळचं लागलं तरी काही आकाश कोसळत नाही. संध्याकाळी ती अभ्यासिकेत येईल. दहावीच्या पोरांना गणित तिच्यासारखं कुणी सांगत नाही. आमच्या घरात आम्ही दोघंच. ती आली की हे आपणहून रेडिओ बंद करतात आणि तिला मोटारींचं विचारत बसतात. पण पहिल्या नंबरला जवळचं लिहिलं ते बाजाराच्या हिशेबानं. दुसरं कारण नाही.

२८ जुलै, सोमवार

शिवकन्या आज दुपारीच आली. खोली झाडली, फळा पुसला, खिडकीतली जळमटं काढली. एवढं सगळं न सांगता. मग म्हणाली, “मावशी, दहा मिन्टं फोन देता का? ओमदादाकडं जाऊन येते, एक कागद बघायचा हाय.” दिला. अर्ध्या तासानं आली, फोन ओढणीला पुसून दिला.

संध्याकाळी बघते तर फोनवर सहा आकड्यांचा नंबर आलेला, कुणाला सांगू नका असं लिहिलेला. हे असे मेसेज फसवणुकीचे असतात, पेपरात आलं होतं. पुसून टाकला.

पोरगी आज उगाच गप्प होती. निकालाची धास्ती. तिला म्हटलं, काळजी करू नको, मी सगळा विचार करून लिहिलंय. तिनं माझ्या पायाला हात लावला. काहून लावला कोण जाणे.

३१ जुलै, गुरुवार

लागलं! पुणं, सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल!

ओमप्रकाशनं फोन केला तेव्हा मी पोळ्या करत होते. एक पोळी जळाली, जळू दिली. विहारात जाऊन मेणबत्ती लावली, वंदना घेतली. मग पायी तांड्यावर. पारुबाई कपाशीत खुरपत होती. मला धावत येताना बघून तिला वाटलं कुणी गेलं. कळल्यावर बांधावर बसली आणि म्हणाली, “आता पेटीला कुलूप घ्या लागते.” हिरासिंग बोलणारा माणूस नाही. तो विहिरीवर गेला आणि चालू असलेली मोटार बंद करून परत चालू केली.

मी म्हटलं, “बघा पारुबाई, तुमची बाजाराची रीत पुण्यात चालली. तिसऱ्या नंबरला टाकलं, तेच मिळालं!”

“मंग! म्या म्हनलं न्हवतं?”

शिवकन्या आमच्याकडं बघत उभी होती. म्हणाली, “मावशी, तुमच्यामुळंच झालं.” ह्यांना घरी येऊन सगळं सांगितलं. हे डोकं खाजवत म्हणाले, “नवलच हाय.” कुणाचं चांगलं झालेलं पटकन मान्य करावं, तर तसं नाही.

४ ऑगस्ट

वस्तीत दोन दिवस माझंच नाव. पद्माबाईंची नात आकांक्षा, तिला पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही, पोरगी रडून रडून सुजली आहे. पद्माबाई स्वतः घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “करुणा, दुसऱ्या फेरीचा फॉर्म तुझ्या हातानं भर.” एरवी ह्या बाई कुणापुढं वाकत नाहीत.

आकांक्षाला परभणीचं कॉलेज पाहिजे. म्हणून ते तिसऱ्याला टाकायचं ठरवलं आणि वर दोन नको असलेली. अकरावीच्या पोरींनाही पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पाहिजे ते तिसऱ्या नंबरला. खाली रेघ मारली.

शिवकन्या फळ्याकडं बराच वेळ बघत होती. शेंगदाणे घेतले नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आकांक्षाचा फॉर्म भरून आलो. साडेचारच्या सुमाराला मी खोलीत सतरंजी झटकत होते. शिवकन्या सायकल टाकून धावत आली. घामानं निथळत होती.

“मावशी, आकांक्षाचा फॉर्म भरला का?”

“भरला की. सकाळीच.”

“कसा भरला?”

“फळ्यावर लिहिलंय तसा.”

ती मटकन खाली बसली. म्हणाली, “मावशी, तुमी मला मारा. म्या खोटं बोलले. पुणं तिसऱ्या नंबरला न्हवतंच. त्या सोमवारी तुमचा फोन नेऊन म्या पयल्या नंबरला केलं.”

मला काही कळेना. तिनं खडू घेतला, फळ्यावरचं माझं वाक्य तसंच ठेवून खाली एक, दोन, तीन आकडे काढले. लहान पोरांना सांगते तसं सांगितलं. मशीन वरून खाली येते. पहिल्या नंबरचं मार्कांत बसलं की तिथंच थांबते, तेच देऊन टाकते, खालचं बघतसुद्धा नाही. जवळच्या कॉलेजला मार्क बक्कळ होते. फॉर्म तसाच राहिला असता तर तेच लागलं असतं, आणि पहिल्या नंबरचं लागलं की नको म्हणायची सोय नाही.

“म्हणजे आकांक्षाला...”

“तिला बी वरचंच लागंल. नको असलेलं.”

“मग तवाच काहून न्हाई सांगितलं?”

“तुमी तीन वर्सं कुलूप काढलं आमच्यासाठी. वीस मान्सापुढं तुमाला चुकलं म्हनू का? वाटलं, गुपचूप करते, तुमचं मन मोडत न्हाई.”

“माझं मन काय काचेची बरणी हाय का?”

 ती खाली बघून हळूच म्हणाली, “आन मावशी, तुमाला बी मी जवळच पायजे होते. व्हय ना?”

ह्याला उत्तर होतं. मी म्हटलं, “आधी आकांक्षाचा फॉर्म. ऊठ.”

दुसऱ्या फेरीचा फॉर्म आज पाचला बंद, वीस मिनिटं राहिली होती. ती सायकल चालवत होती आणि मी, बेचाळीस वर्षांची बाई, नऊवारी नव्हती हे बरं, मागं कॅरियरवर. सगळा बाजार बघत होता. ह्यांना फोन केला, त्यांनी आकांक्षाला घरून बोलावून आणलं, पायात चप्पल नव्हती तिच्या. ओमप्रकाशनं मला बघून समोरच्या माणसाला उठवलं.

“बोला मावशी, आज कसं? पायजे ते वर का नको ते वर?”

“पाहिजे ते वर. जास्त बोलू नको.”

“तेच म्या त्या दिवशी बोललो तवा टाइप कर म्हनल्या!”

“हो, म्हटलं होतं. आता टाइप कर.”

परभणी पहिल्या नंबरला. तिच्या फॉर्मलाही मोबाइल नंबर माझाच, त्यावर सहा आकडे आले, ह्या वेळी पुसले नाहीत, वाचून दाखवले. पाचला चार कमी असताना ओमप्रकाशनं हात वर केले.

मग मी बाहेर येऊन ओट्यावर बसले.  शिवकन्यानं पाणी आणून दिलं. मी प्याले, पण तिच्याशी बोलले नाही.

६ ऑगस्ट

राग कशाचा आहे ते दिवसभर शोधलं. ती खोटं बोलली याचा? तिनं फॉर्म बदलला नसता तर आज ती माझ्या शहाणपणानं जवळच्या कॉलेजच्या बसमध्ये बसली असती. तेव्हा बदलला हे बराबर. पण तिनं मला सांगितलं नाही म्हणून मी वस्तीभर तेच सांगत सुटले. एका पोरीच्या भल्याखातर केलेलं खोटं दुसऱ्या पोरीच्या मुळावर आलं असतं.

आणि मी? काल तिनं विचारलं त्याचं उत्तर ‘व्हय’ असं आहे. २७ तारखेला ‘दुसरं कारण नाही’ असं लिहिलंय. ते खोडत नाही. पण ते खरं नव्हतं.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

वाचनाआधी उभी राहिले. माझं ऐकून चार घरांनी नातेवाइकांच्या पोरांना तेच सांगितलं होतं, त्यामुळं बोलणं भागच होतं. म्हटलं, फॉर्मबद्दल मी सांगितलं ते चूक आहे. पाहिजे ते पहिल्या नंबरला लिहायचं. शिवकन्यानं तसं लिहिलं म्हणून तिला पुणं मिळालं. माझ्यामुळं नाही.

 मला वाटलं आता सगळे उठून जातात. तेवढ्यात दाराशी बसलेली पारुबाई म्हणाली, “म्हंजे माझी बाजाराची रीत खोटी?”

पद्माबाई म्हणाल्या, “पेटीपुरती खरी हाय.”

सगळे हसले, मीपण. हसून झाल्यावर ग्रंथ उघडला. आज वाचताना आवाज मोकळा लागला. नंतर शिवकन्याला म्हटलं, “इकडं ये, शेंगदाणे घे. मंगळवारी फळ्यावर मला समजावलंस त्याचे राहिलेत.”

१३ ऑगस्ट

आकांक्षाला परभणी लागलं. पद्माबाईंनी खोलीला नवीन पंखा दिला. पंखा लावून होईपर्यंत स्वतः शिडी धरून उभ्या राहिल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

शिवकन्या गेली. हिरासिंग पोहोचवायला गेला आहे, पेटी त्याच्याच डोक्यावर. गाडी लागल्यावर मला खूप काही सांगायचं होतं. सांगितलं ते असं, की खिडकीतून हात बाहेर काढू नको.

पारुबाई म्हणाली, “करुणाबाई, पोरगी माझी हाय. तुमी काहून रडून राहिल्या?”

आहे ते लिहावं. रडत होते.

संध्याकाळी खोलीत दहाच लेकरं. तिच्या जागेवर आठवीतली लहान पोरगी जाऊन बसली आणि सातवीच्या पोराला अपूर्णांक सांगू लागली, चुकीचे. दुसऱ्या पोरानं दुरुस्त केले. दोघांनाही शेंगदाणे दिले. समाधान वाटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

शिवकन्या फोन करते. दर वेळी “सगळं बरं हाय मावशी.” आज पारुबाई आली तेव्हा हिशेब जुळवला. आईला सांगते, रोज भाकरी मिळते. बापाला सांगते, भाकरी मिळत नाही पण पोळी गोड लागते. मला सांगते, भातच आवडायला लागला. ह्यांना सांगितलं, वर्गात सगळं कळतं. आणि आकांक्षाला सांगितलं की सर इंग्रजीत फार भरभर बोलतात. पोरगी पुन्हा आमची मनं सांभाळून राहिली आहे.

म्हणून पत्र लिहिलं. नक्कल इथं उतरवते, नाहीतर उत्तर आल्यावर ताळा लागायचा नाही.

“चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी आई बरी आहे. वडील मोटारीला हात लावतात आणि मग तुझी आठवण काढतात, मोटार काही चालू होत नाही. ती मिस्त्रीनं केली.

फोनवर तू चांगलंच सांगतेस, आणि मला ऐकायला बरं वाटतं, म्हणून मीही पुढं विचारत नाही. दोघी सारख्याच. म्हणून हे कागदावर विचारते. खायला नक्की काय मिळतं? पोट भरतं का? खोलीतल्या पोरी बोलतात का तुझ्याशी? तांड्याचं नाव काढून कुणी काही म्हणतं का? सर बोलतात त्यातलं किती कळतं, निम्मं, की त्याहून कमी? कमी असेल तर कमी लिही. त्यात लाज नाही. मला माझी चूक पंचावन्न माणसांत सांगून काही झालं नाही, उलट पंखा मिळाला.

तुला तिथं काय अडतंय ते कळलं तर इथल्या अकरावीच्या पोरींची तयारी आत्तापासून तशी करून घेता येईल. सुमन आणि देवला दोघींनी आजच विचारलं, पुण्याला जायचं तर इंग्रजी किती लागतं? मी म्हटलं, शिवकन्याला विचारून सांगते. मला माहीत नाही असं म्हटलं. सवय लावून घेते आहे.

तू गेल्याचं मला वाईट वाटतं. जवळ असतीस तर आवडलं असतं. पण पहिल्या नंबरला तू जे लिहिलंस तेच बराबर होतं, हे मी पूर्ण विचार करून लिहिते.

सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. दोन्ही पोरी वाट बघून आहेत, खोटं लिहिलंस तर त्या फसतील. असेल तसं लिही आणि उलट टपालानं कळव.”